रिठावरचे कागद

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाकावर बसवत नव्हतं, लग्नात पाटावर बसवत नव्हतं, आणि आजही देवळात आरती लांबली की माझी नजर चपलांकडे जाते. माहेरी, वरोऱ्याला, आई कातावून म्हणायची, "हे पोट्टी जेवतानाबी उभीच राह्यते." अशा बाईला सरकारने कुठे बसवावं? तर जिथे वर्षानुवर्षं काही म्हणता काही हलत नाही, अशा खोलीत.

खोली म्हणजे चंद्रपुरातल्या एका सरकारी कचेरीचं अभिलेखागार. कोणत्या खात्याची कचेरी ते सांगत नाही. सांगितलं तर उद्या खुलासा मागतील, आणि आजवर दिलेले खुलासे मला पुरेत. आस्थापना शाखेत असताना एका साहेबांशी माझं वाजलं. चूक कोणाची होती ते सोडा, पण टेबल माझं बदललं. पहिल्या मजल्यावरून खाली, इमारतीच्या मागच्या अंगाला, रेकॉर्ड रूम. आमच्यात या नेमणुकीला काळ्या पाण्याची शिक्षा म्हणतात. निरोपाच्या चहाला सगळे असे हळहळले की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

पहिले काही महिने मी नुसती चिडचिड करत काढले. खिडक्या हात न पुरेल इतक्या उंच, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावायचा. पंखा लावायचा नाही, कागद उडतात. चांद्याचा, म्हणजे आमच्या चंद्रपूरचा, उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. तोंडाला रुमाल बांधून, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, लोखंडी मांडण्यांच्या बोळांतून मी उगाच येरझाऱ्या घालायची. सोबतीला एक शिपाई होते. त्यांना मी भाऊ म्हणायची. ते स्टुलावर बसल्या बसल्या इतके गाढ झोपत की मला त्यांचा हेवा वाटे. मध्येच एक डोळा उघडून ते म्हणायचे, "बाई, बसा न जरा. कागद पळून नाई जात."

कागद पळून जात नाहीत, पण त्यांच्यावरची सरकारं मात्र पळत गेलेली दिसतात. हे मला त्या येरझाऱ्यांतच कळलं. एकाच गावाचा बस्ता सोडला, म्हणजे लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा सोडला, तर खालच्या कागदावर मथळा मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा. मधल्यावर मध्यप्रदेशाचा. मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. खाली मोडी, वर बाळबोध, मध्ये एखाद्या इंग्रज साहेबाच्या तिरक्या अक्षरातली सही. शब्द सगळीकडे तेच, निम्मे फारसीतून आलेले. गाव जागचं हललं नाही, पण त्याच्या डोक्यावरच्या पाट्या सतत बदलत राहिल्या. जमिनीची मोजणी करून इंग्रजांनी बंदोबस्त केला तेव्हापासून हे कागद साठत आलेत. कोणती बांधी, म्हणजे भाताचं खाचर, कोण कसतो, जंगलातून सरपण कुणी न्यायचं, गुरं कुठे चारायची, तलावातलं पाणी आधी कोणाला, हे सगळं त्यात आहे. त्या वेळी एकच चांदा जिल्हा होता, पार सिरोंच्यापर्यंत. पुढे गडचिरोली वेगळा झाला आणि बस्ते ट्रकमध्ये भरून वैनगंगेपलीकडे गेले. काही गेले, काही राहिले. कोणते काऊन राहिले, याचं उत्तर देणारं माणूस आता कचेरीत उरलेलं नाही.

आणि हे कागद मागायला येतं कोण? मला वाटलं होतं, चष्मेवाले अभ्यासक येत असतील. तसे वर्षातून एखादे येतात, चहा घेतात, जातात. बाकी येतात ती माणसं ज्यांचं काहीतरी अडलेलं असतं. जातीच्या दाखल्यासाठी पणज्याची नोंद हवी असलेली पोरं, भावाभावांत वाद लागलेले शेतकरी, आणि सगळ्यांत जास्त जंगलपट्ट्यातली माणसं. आलापल्लीकडून, धानोऱ्याकडून, पहाटेची पहिली एसटी पकडून येतात आणि दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर बसलेली असतात. त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतील नसतील ते सगळे कागद असतात, अगदी विजेचं बिलसुद्धा. माणूस आपल्या गावात आपल्या आजाच्या वेळेपासून राहतो हे त्याला स्वतःला माहीत असतं, शेजाऱ्याला माहीत असतं, गावातल्या कुत्र्यालाही माहीत असतं. पण ते सरकारला सरकारच्याच कागदावरून दाखवावं लागतं. तो कागद माझ्या खोलीत. हे उमगल्यावर माझी चिडचिड कमी व्हायला हवी होती. ती वाढली. कारण कोणी दारात उभं राहिलं की मला वाटायचं, आत्ता, या क्षणी सापडायला हवं, आणि ते सापडत नसे.

आता रिठ म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडच्या गावांची यादी वाचली तर नावांना शेपट्या दिसतात. कुणाला चक, कुणाला माल, कुणाला तुकूम, कुणाला टोला. आणि पुष्कळ नावांपुढे रिठ. रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. पटकीची साथ आली, वाघ लागला, पाणी आटलं, की माणसं चूलबोळकी उचलून दुसरीकडे जायची. जमीन तिथेच, तलाव तिथेच, मारुती तिथेच, फक्त घरं नाहीत. यादीत त्या गावाचं नाव राहतं आणि लोकसंख्येच्या रकान्यात लिहितात, निरंक.

जिल्हा वेगळा झाला तेव्हा या रिठ गावांचे बस्ते कोणी नेलेच नाहीत. माणसंच नाहीत तर मागणार कोण, असा हिशेब. माझ्या आधीच्या कोणीतरी ते सगळे एकत्र करून शेवटच्या मांडणीवर, छताला लावून ठेवून दिले होते. मग कागद स्कॅन करायचं काम निघालं. ठेकेदाराला गावांची यादी गेली ती लोकसंख्या असलेल्या गावांची. ज्या गावात माणूस नाही त्याचा कागद संगणकात घालून करायचंय काय? स्कॅन झालं नाही ते निंदणीत गेलं. सरकारी भाषेत जुने कागद निवडून नष्ट करण्याला निंदणीकरण म्हणतात. हा शब्द ज्याने काढला तो धानाच्या बांधीत कधी उतरला नसावा. निंदण काढणारी बाई वाकून एकेक काडी हातात धरून बघते, कारण धानासारखंच दिसणारं गवत असतं. आमच्याकडे कोणी वाकलं नाही. मार्चअखेर होती, कामाचा अहवाल द्यायचा होता. रिठ गावांचे बस्ते खाली काढून मागच्या व्हरांड्यात रचले, आणि 'माझ्या समक्ष नष्ट करण्यात आले' अशा प्रमाणपत्रावर साहेबांची सही झाली. न्यायला कागद कारखान्याचा ट्रक मात्र आला नाही. कधी डिझेल, कधी ड्रायव्हर. बस्ते व्हरांड्यात पडून राहिले. शिपाईभाऊंना दुपारी पाय पसरायला चांगली जागा झाली.

मोहफुलं पडायचे दिवस होते, तेव्हा ती बाई आली. गडचिरोलीकडची, माझ्याहून थोडी लहान, अंगाने काटक. बरोबर सासरे होते, पांढरी टोपी, हातात काठी, कान थोडे जड. ती पायरीवर टेकलीसुद्धा नाही. येताच म्हणाली, "बाई, आमच्या गावचं सगळ्यात जुनं जे असंल ते पाह्यजे. सुनावणी आहे."

तिचं प्रकरण वनहक्काचं होतं. जंगलाच्या कडेची एक बांधी तिच्या घरचे आजा-पणज्यापासून कसत आलेले. सरकारी कागदात त्याला अतिक्रमण म्हणतात, तिकडे जबरानजोत. घर आदिवासी नव्हतं, त्यामुळे कायद्यानं तीन पिढ्यांचा पुरावा लागत होता. पुरावा दिला तर पट्टा, नाही दिला तर दावा खारीज. "दावा गेला की फॉरेस्टवाले चर खोदून झाडं लावणार म्हणे," ती म्हणाली. "चुन्यानं रेघ मारून गेले जी. पावसाच्या आत खोदतील. आमचं वर्षाचं धान तेवढ्याच बांधीत होते."

मी उभ्या उभ्याच तिचा अर्ज वाचला. गावाचं नाव पाहिलं आणि तडक मांडणीकडे गेले. बस्ता सापडला. सोडला. तळाच्या सगळ्यात जुन्या कागदापासून वरपर्यंत बोट फिरवलं. त्या घराण्याचा मागमूस नाही. अगदी अलीकडे, कचेरीच्या मानाने अलीकडे, टोलीवरची, म्हणजे गावाबाहेरच्या वाडीवरची, घरं म्हणून एक नोंद आहे आणि त्यात सासऱ्यांच्या वडलांचं नाव. दावा सासऱ्यांच्या नावाने, म्हणजे दोनच पिढ्या. मी पुन्हा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना मला त्या कागदाचाच राग आला.

"नाही बाई," मी म्हटलं. "तुमचे पूर्वज त्या गावात आधी दिसत नाहीत."

"असं कसं?" ती म्हणाली. "आमी कुठी आभाळातून पडलो का?"

मी बस्ता परत बांधायला घेतला. सासरे व्हरांड्यात त्या ढिगावर बसून होते. सुनेने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते उठले, काठी सावरली आणि मला म्हणाले, "बरं, बाई. येतो मंग. जाता जाता रिठावर नारळ फोडून जाऊ. मारुतीले सांगून पाहू."

मी मान हलवली. पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला. चहा आला, तो प्यायले. डबा उघडला, पण काहीतरी टोचत होतं. घरात गॅस चालू राहिलाय की काय, असं वाटतं ना, तसं. हातात पोळीचा घास होता आणि मी तो तसाच ठेवून उठले. रिठावर नारळ? कोणाच्या रिठावर? दुसऱ्याच्या रिठावरच्या मारुतीला कोण नारळ फोडतं?

शिपाईभाऊंनी विचारलं, "बाई, कुठी चालल्या?" मी पायात चपला सरकवल्या आणि उन्हात निघाले. रिक्षा मिळेना म्हणून चालत, चालता चालता पळत. त्या वयात, त्या उन्हात, साडीचा पदर डोक्यावर घेऊन बसस्टँडकडे पळणारी सरकारी बाई लोकांनी वळून वळून पाहिली असणार. मूलमार्गे गडचिरोलीला जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर दोघं शिदोरी सोडून बसलेली दिसली. मला इतकं हायसं वाटलं की मी आधी त्यांच्या बाटलीतलं पाणी मागून प्यायले.

"तुमचं रिठ कोणतं?" मी विचारलं.

सासऱ्यांनी नाव सांगितलं. मग म्हणाले, "आमचं गाव तेच तर आहे. या टोलीवर तर आमी मंग आलो."

"मग अर्जात ते नाव का नाही लिहिलं?"

सून म्हणाली, "ते नाव लिहलं का साहेब लोक हासतात. म्हणतात, तिथी माणूस नाई, तुमी कुठून आले? म्हणून मोठ्या गावचं लिहतो."

असा सगळा घोळ होता. ही माणसं नाल्यापलीकडे गेली तेव्हा गाव बरोबर घेऊन गेली. त्यांच्या लेखी गाव म्हणजे माणसं, आणि माणसं जिथे तिथे ते गाव. आपसात आजही ते जुनंच नाव घेतात. सरकारच्या लेखी गाव म्हणजे जमीन. नाव जुन्या जागेवर राहिलं, त्याला रिठ शेपूट लागलं, आणि माणसं शेजारच्या मोठ्या गावाची टोली म्हणून नोंदली गेली. पिढ्यान्पिढ्या दाखल्यापासून रेशनपर्यंत मोठ्या गावाचं नाव लिहून लिहून ती स्वतःच आपल्याला चुकीच्या बस्त्यात शोधायला आली होती.

मी त्यांना परत आणलं. शिदोरी तशीच बांधायला लावली, याचं आता वाईट वाटतं. व्हरांड्यातल्या ढिगातले बस्ते आम्ही दोघींनी एकेक करून उतरवले. शिपाईभाऊ आधी "बाई, ते तर रद्दीत गेलं न?" म्हणत राहिले, मग तेही लागले. उधईने, म्हणजे वाळवीने, काही बस्ते आतून पोखरले होते, हात लावला की भुगा. तिच्या गावाचा बस्ता निघाला तो एका बाजूने ओला होऊन वाळलेला, पण धड.

बंदोबस्ताच्या वेळची गावाची टिपणी होती. मी ती तिथेच व्हरांड्यात मोठ्याने वाचली, सासऱ्यांना ऐकू जावी म्हणून. पटकीच्या साथीमुळे वस्ती उठली, लोक नाल्यापलीकडे राहण्यास गेले, मात्र जुन्या बांध्या तेच कसत आहेत. पुढे कसणाऱ्यांची नावं. त्यात सासऱ्यांच्या आजाचं नाव, बापाच्या नावासकट. सुनेने पदर तोंडाला लावला. मी ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

सासरे मात्र भडकले. "पटकी? पटकी नाई. वाघ होता."

"मामाजी," सून म्हणाली.

"अरे, वाघानं माणसं नेली म्हणून आजा उठला तिथून. पटकी कुठून आणली यानं? लिहणाऱ्यानं विचारलंच नसंल कोणाले." मग माझ्याकडे वळून, "हे चुकीचं आहे, बाई. दुरुस्त करा."

मी म्हटलं, बाबा, यातलं अक्षर मला बदलता येत नाही. ते म्हणाले, मंग खोटा कागद काऊन ठेवता? सून म्हणाली, "मामाजी, वाघ असो का पटकी. आपलं नाव आहे न त्यात." पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. मला त्यांचं पटलं. चिडायला मला कारण लागत नाही, आणि हे कारण चांगलं होतं.

मी नक्कल तयार केली आणि साहेबांकडे नेली. हे साहेब माझ्या भांडणातले नव्हेत, नंतर आलेले. सभ्य माणूस, कायम थकलेला. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे तर नष्ट झालंय."

"साहेब, तुमच्या टेबलावर आहे."

"टेबलावर असेल. पण रेकॉर्डला नाही. नष्ट झाल्याचं प्रमाणपत्र मीच वर पाठवलंय. जे नाही त्याची खरी नक्कल मी कशी देऊ?"

मी वाद घातला. आवाज चढला असेल, बाहेर ऐकू गेलं म्हणतात. त्यांचा चढला नाही, त्यामुळे मला आणखी संताप आला. शेवटी चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "व्हरांड्यात जी पडलीय ती रद्दी आहे. रद्दीचं काय करायचं ते मला विचारत जाऊ नका."

मी बाहेर आले आणि अस्सल पानंच तिच्या पिशवीत घातली. रेकॉर्ड रूमच्या माणसाने अस्सल कागद बाहेर देणं म्हणजे काय, ते आमच्या लोकांनाच कळेल. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पान फाटलं तर? एसटीत पिशवी राहिली तर? ऊन, घाम, मोहाच्या टोपल्या, उंदीर, सगळं डोळ्यांपुढे येत होतं.

सुनावणीहून तिचा फोन आला तो रागाचा. "बाई, नाई घेतला. म्हणतात, यावर साक्षांकित शिक्का कुठी आहे? खरी नक्कल आणा. मी म्हटलं, साहेब, हेच खरं आहे. म्हणतात, खऱ्याचं काय करू, नक्कल पाह्यजे. पुढची तारीख देल्ली."

मी हसले. हसू नये अशा जागी मला हसू येतं, हा माझा जुना दोष. मग फोन ठेवून मी त्या मांडण्यांच्या बोळातून इतक्या फेऱ्या मारल्या की भाऊ जागे झाले. खऱ्या कागदाला किंमत नाही, नकलेला आहे. नक्कल रेकॉर्डला असलेल्याचीच निघते. रेकॉर्डमधून गेलेलं परत कसं यावं? परत येण्याची वाट सरकारने ठेवलेलीच नव्हती. पण नव्याने येण्याची वाट होती. कोणीही माणूस कचेरीत कागद आणून देतो तेव्हा तो आवक म्हणून घ्यावाच लागतो. लग्नपत्रिका आली तरी आम्ही शिक्का मारतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं. मोह वेचायचा सोडून ती पुन्हा आली. अर्ज तिनेच तिच्या अक्षरात लिहिला: आमच्या गावाचा जुना कागद आमच्याजवळ आहे, तो जतन करण्यासाठी कचेरीला देत आहोत, स्वीकारावा. गावाचं नाव लिहिताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुमचंच लिही. तिने रिठ न लावता लिहिलं. मी अर्ज आणि पानं साहेबांपुढे ठेवली. त्यांनी अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "नागरिकाने दिलेला कागद," ते म्हणाले. "घ्यायला हवा." आणि सही केली. आवकचा शिक्का बसला. दुपारपर्यंत त्याच कागदाची खरी नक्कल तिच्या हातात होती, साक्षांकित, गोल मोहोर मारलेली.

जाताना तिने ढिगाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे बाकीचे कोणाचे?"

तेव्हापासून मला चैन पडलं नाही. एक बस्ता निघाला, बाकीच्यांचं काय? सगळे परत रेकॉर्डला घ्यावेत म्हणून मी टिपणी लिहिली. उत्तर आलं, नष्ट अभिलेखाबाबत फेरविचाराचा प्रश्न उद्भवत नाही. दुसरी टिपणी लिहिली, तिला उत्तरही आलं नाही. म्हणून मग जी वाट सापडली होती तिच्यावरच भर दिला. माणूस यायला हवा होता, हे आमचं आहे म्हणणारा. मी तिला गावांची नावं वाचून दाखवली, तिने तिच्याकडच्या बाजारात सांगितलं, तेंदूपत्ता गोळा होतो त्या फडीवर सांगितलं. रिठावर नारळ फोडणारे कोणी ओळखीचे असतील तर पाठव, एवढाच माझा निरोप. काही आले. सिरोंच्याकडून एक तेलुगू बोलणारे गृहस्थ आले, नातवाला दुभाषा करून. एका गावचे चौघं आले आणि बस्ता कोणाच्या नावाने द्यायचा यावर व्हरांड्यातच भांडले. प्रत्येकाकडून अर्ज घेऊन मी शिक्के मारत राहिले आणि साहेब मान वर न करता सह्या करत राहिले. ढीग कमी झाला, पण फार नाही. बाकीच्या गावांची माणसं कुठे गेली, आता ती कोणत्या गावाची टोली म्हणून राहतात, हे कळायची सोय नव्हती. ते ज्या कागदांत मिळालं असतं, ते कागद तर त्या ढिगातच. रोज सकाळी मी आधी व्हरांड्यात जाऊन पाहायची, ट्रक आला नाही ना.

तो मृगाच्या तोंडावर आला, काही न कळवता. मी साहेबांकडे धावले, ते जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते. ड्रायव्हरला म्हटलं, दोन दिवस थांब. त्याने मला मंजुरीचा कागद दाखवला. त्याच्यावर सगळं बरोबर होतं. हमालांनी बस्ते उचलायला सुरुवात केली. मी दारात उभी होते आणि माझ्याने काही होत नव्हतं. शिपाईभाऊ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. ती होती. "बाई, झालं. मंजूर झालं. आता आमच्या बांधीत चर नाई खोदत. मामाजी इथी जिलबी मागवून राह्यले." ती एका दमात सांगत होती, मध्येच हसत होती. मला आनंद झाला. खरंच झाला. मी तो बोलून दाखवणार तोच मागे बस्ता पडला, मग दुसरा.

"बाई, तिकडं काय धपधप वाजून राह्यलं?" तिने विचारलं. "कोणाचं सामान भरून राह्यले का?"

हमालाच्या खांद्यावरच्या बस्त्याची चिठ्ठी मला वाचता येत होती. गावाचं नाव, पुढे रिठ.

"कोणाचं ते माहीत नाही," मी म्हटलं. "अजून कोणी विचारायला आलं नाही."